मूल आइस हॉकीत घालताना: आमच्या ग्राहक पालकांसाठी माहितीपत्रक

आमचं दुकान कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, मिसिसागात आहे. स्केट्सना धार लावणं, मापाचं सामान देणं आणि रिंकचा (म्हणजे बर्फाच्या मैदानाचा) तास भाड्याने घेऊन मुलांच्या छोट्या गटांना शिकवणं, एवढाच व्यवसाय. अलीकडे मराठी आईबाबा बरेच येतात. बहुतेकांनी स्वतः कधी बर्फावर पाय ठेवलेला नसतो आणि लेक शाळेतून येऊन सांगते, वर्गातले सगळे हॉकी खेळतात, मलाही घाला. मग काउंटरवर तेच ते प्रश्न येतात. शनिवारी सकाळी रांग लागलेली असताना नीट बोलता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

आमचं मत आधीच सांगतो. बारा-तेरा वर्षांपर्यंत मूल कुठल्या दर्जाच्या संघात आहे, याची चिंता करू नका. ते आठवड्यात किती वेळ बर्फावर असतं, त्या वेळात पक (खेळातली रबरी चकती) त्याच्या स्टिकला किती वेळा लागतो आणि स्केट्स पायाला नीट बसतात का, हे बघा. बाकीचं मागाहून येतं.

वयोगट आणि ३१ डिसेंबर

इथल्या आइस हॉकीची राष्ट्रीय संस्था म्हणजे हॉकी कॅनडा. तिचे गट यू-७ (म्हणजे सात वर्षांखालची मुलं), यू-९, यू-११, यू-१३, यू-१५, यू-१८ असे आहेत. पूर्वी त्यांना टाइक, नॉव्हिस, ॲटम, पीवी, बँटम, मिजेट म्हणायचे आणि रिंकवरची जुनी मंडळी अजून तेच बोलतात. वय धरतात हंगामाच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला. म्हणजे २ जानेवारी २०१७ आणि २८ डिसेंबर २०१७ ला जन्मलेली मुलं एकाच वर्षाची मानली जातात. आठव्या वर्षी हा वर्षभराचा फरक अंगापिंडात सरळ दिसतो. जानेवारीचं मूल उंच असतं, निवड चाचणीत उठून दिसतं, चांगल्या संघात जातं, तिथे त्याला जास्त सराव मिळतो आणि ते खरोखरच पुढे निघून जातं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकातच हे दाखवून दिलं होतं की वरच्या पातळीवरच्या हॉकीपटूंमध्ये वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त असतो. तुमचं मूल दिवाळीनंतरचं असेल आणि निवड झाली नाही, तर त्याच्यात काही कमी आहे असं लगेच ठरवू नका. आणि जानेवारीचं असेल तर फार हुरळूनही जाऊ नका.

‘खरी हॉकी कधी सुरू होणार?’

यू-७ ची मुलं आडव्या किंवा अर्ध्या रिंकवर खेळताना पाहून पालक नाराज होतात. पैसे पूर्ण भरले, मग मैदान अर्धं का? पूर्ण रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते. सहा वर्षांच्या मुलाला तेवढं अंतर कापायलाच दम लागतो. पूर्ण रिंकवर एक-दोन चलाख मुलं पक घेऊन पळतात, उरलेली त्यांच्या मागे मागे फिरतात आणि सबंध सामन्यात पकला शिवतही नाहीत. म्हणून हॉकी कॅनडाने २०१७-१८ च्या हंगामापासून पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी छोटं मैदान देशभर सक्तीचं केलं. पुढे यू-९ लाही अर्धी रिंक आली. लहानांचा पकही वेगळा असतो, निळा, ४ औंसांचा. नेहमीचा काळा पक ६ औंसांचा असतो आणि सहा वर्षांच्या मनगटाला तो फार जड जातो.

या वयात गोल मोजू नका. मूल एका जागेवर बांधूनही ठेवू नका. ‘आमचा गोलीच (गोलरक्षकच) होणार’ असं सात वर्षांच्या मुलाबद्दल ऐकलं की आम्ही गोलीचे पॅड विकायचं टाळतो. आधी सगळ्यांनी स्केटिंग शिकावं, आळीपाळीने गोलमध्ये उभं राहावं.

पैसे घालायचे तर बुटांत

सामानाच्या यादीतली सगळ्यात महागडी चूक म्हणजे ‘दोन वर्षं पुरतील’ म्हणून मोठे स्केट्स घेणं. शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घेतला तर चालतं, स्केट्स घेतले तर मूल शिकत नाही. पाय आत हलला की घोटा आत वळतो, ब्लेडची कड बर्फाला लागत नाही आणि मूल घोट्यांच्या आतल्या बाजूवर चालायला लागतं. मग घरचे म्हणतात, याचे घोटे कमजोर आहेत. घोटे बहुतेक वेळा ठणठणीत असतात, बूट सैल असतो.

स्केटचं माप रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीड नंबर कमी येतं. लेस न बांधता पाय पुढे सरकवून अंगठा टोकाला लावायचा आणि टाचेमागे एक बोट जाईल एवढीच जागा ठेवायची. मोजे पातळ हवेत. आजीने विणलेले लोकरीचे मोजे घरी घाला, स्केट्समध्ये नाही. जाड मोज्यात पाय उलट जास्त गारठतो, कारण दाबाने रक्त नीट खेळत नाही.

लेस बांधण्याचीही एक रीत आहे आणि आमच्या अनुभवात निम्मे पालक ती उलटी करतात. आधी टाच जमिनीवर आपटून मागे बसवा. बोटांपाशी लेस बेताची, पावलाच्या उंचवट्यावर थोडी घट्ट, आणि जिथे पाऊल संपून नडगी सुरू होते त्या वळणावर सगळ्यात घट्ट. शेवटच्या भोकात पुन्हा जराशी सैल, म्हणजे गुडघा पुढे वाकेल. बांधून झाल्यावर मुलाला उभं करून गुडघे वाकवायला सांगा. नडगी पुढे झुकली आणि टाच उचलली गेली नाही, तर बांधणी बरोबर आहे.

वापरलेले स्केट्स घ्यायला आमची हरकत नाही, आम्ही विकतोही. घोट्याजवळचा भाग हाताने दाबून बघा, सहज चेपला तर तो बूट सोडा. हेल्मेट मात्र नवंच घ्या. जुन्याने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. हेल्मेट आणि तोंडावरची जाळी सीएसएच्या शिक्क्याची हवी, गळ्याचं पट्टीकवच बीएनक्यूच्या शिक्क्याचं (दोन्ही कॅनडातल्या मानक ठरवणाऱ्या संस्था). शिक्का नसेल तर मुलाला बर्फावर उतरवत नाहीत.

धार म्हणजे नेमकं काय

नवे स्केट्स खोक्यातून काढून थेट बर्फावर नेऊ नका, त्यांना वापरण्याजोगी धार नसते. ब्लेडचा तळ सपाट नसतो. त्याला दोन कडा असतात आणि मधून पन्हळीसारखी खोलगट रेघ जाते. ही पन्हळ किती खोल, ते आम्ही इंचाच्या अपूर्णांकात सांगतो आणि आकडा जितका लहान तितकी ती खोल. १/२ इंच ही सर्वसाधारण धार. ३/८ ला कड बर्फात जास्त रुतते, ५/८ ला कमी. ‘एकदम धारदार करून द्या’ असं पालक सांगतात, पण नवशिक्याला फार धार दिली तर त्याला थांबता येत नाही. थांबण्यासाठी ब्लेड आडवी घसरावी लागते आणि धार जास्त असली की ती अडकते, मूल तोंडावर पडतं. नवीन मुलांना आम्ही १/२ देतो आणि थांबणं जमतच नसेल तर ५/८ करून बघतो.

आठवड्यातून दोनदा बर्फावर जाणाऱ्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी धार लागते. मधेच सिमेंटवर चाललं तर लगेच. रिंकवर काळा रबरी गालिचा असतो, त्याबाहेर स्केट्स घालून जाऊ नये, जायचंच तर ब्लेडला प्लॅस्टिकची खोळ चढवा. घरी नेताना मात्र ती खोळ काढून ब्लेड फडक्याने कोरडं पुसा आणि कापडी पिशवी चढवा. प्लॅस्टिकमध्ये ओलं ब्लेड रात्रभर राहिलं की सकाळी गंज दिसतो. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो आणि तरी दर आठवड्याला गंजलेली ब्लेड्स येतात.

स्टिक कुठल्या हाताची?

इथे मराठी घरांचा एक खास घोटाळा आहे. बाबांनी शाळेत हॉकी किंवा क्रिकेट खेळलेलं असतं. मैदानी हॉकीत स्टिक एकाच बाजूची, उजवीच असते, डावा हात वर आणि उजवा खाली. उजव्या हाताने बॅटिंग करणाराही बॅट तशीच धरतो. म्हणून बाबा मुलाच्या हातात उजवी स्टिक देऊन मोकळे होतात. आइस हॉकीत दोन्ही बाजूंच्या स्टिक मिळतात आणि कॅनडात उजव्या हाताने लिहिणारी कितीतरी मुलं डावी स्टिक वापरतात, कारण एका हाताने स्टिक सांभाळताना वरचा हात काम करतो आणि तो जोरकस असलेला बरा. दुकानात आम्ही स्टिक जमिनीवर ठेवून मुलाला काही न सांगता उचलायला लावतो. मधे बोलू नका, एवढीच पालकांना विनंती.

लांबी: अनवाणी उभं राहून स्टिक नाकापर्यंत, स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. स्टिकच्या लवचीकतेचा आकडा (फ्लेक्स) साधारण मुलाच्या पौंडांतल्या वजनाच्या निम्मा धरा. नऊ वर्षांच्या मुलाला मोठ्यांची कार्बनची स्टिक कापून दिली तर ती वाकतच नाही. महाग स्टिकने शॉट सुधारतो, हा समज आम्हाला व्यापाराच्या दृष्टीने फायद्याचा आहे, पण खरा नाही.

आमच्या सत्रात काय होतं

रिंकचा तास म्हणजे ५० मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरते. पहिल्या दिवशी पडायला आणि उठायला शिकवतो. एक गुडघा वर, दोन्ही हात त्या गुडघ्यावर, मग उभं. मुलाला उचलायला पालकांनी बर्फावर येऊ नये.

मग कडा. एका पायावर घसरणं, सी-कट (इंग्रजी C च्या आकारात पाय ढकलणं), दोन्ही बाजूंनी वळणं, क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), उलटं स्केटिंग. सगळ्यात जास्त वेळ जातो तो हॉकी स्टॉपवर, म्हणजे ब्लेड आडवी घसरवून थांबण्यावर. जवळपास प्रत्येक मूल एका बाजूने थांबायला शिकतं आणि दुसरी बाजू टाळतं. सामन्यात मग ते नेहमी एकाच दिशेने वळतं आणि समोरच्याला ते दोन मिनिटांत कळतं. म्हणून आम्ही न आवडणारी बाजू आधी घेतो. शेवटची पंधरा-वीस मिनिटं रिंकच्या एका तुकड्यावर तीन-तीन मुलांचा खेळ. जागा कमी, त्यामुळे पक सतत कुणाच्या तरी पायात येतो, मान वर ठेवावीच लागते आणि पास देण्यावाचून इलाज नसतो. शंकू मांडून त्यांच्यामधून पक नेण्याचे प्रकार आम्ही कमी केलेत. शंकू पक हिसकावून घेत नाही.

एका सामन्यामागे दोन-तीन सराव, हे प्रमाण या वयात बरं. उन्हाळ्यात हॉकी पूर्ण बंद ठेवा, असं आम्ही सुचवतो आणि त्याने आमचा जुलै रिकामा जातो. पोहणं, सायकल, पार्कातलं क्रिकेट, काहीही चालेल. स्केटिंगची ढकल वर्षभर तीच ती केली तर खुब्याच्या सांध्यावर एकाच प्रकारचा ताण येत राहतो.

धक्काबुक्की आणि डोक्याची इजा

आया हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, आणि बरोबरच आहे. अंगावर जाऊन पाडणं, म्हणजे बॉडीचेकिंग, यू-१३ पर्यंत बंद आहे. हॉकी कॅनडाने २०१३ मध्ये त्या वयोगटातून ते काढलं. त्यामागे अभ्यास होता. अल्बर्टा प्रांतात अकरा-बारा वर्षांच्या मुलांना बॉडीचेकिंगची मुभा होती, क्युबेकमध्ये नव्हती. दोन्हीकडच्या खेळाडूंची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अल्बर्टात इजा आणि डोक्याला बसणारा मुका मार यांचा धोका तिपटीहून जास्त निघाला. यू-१५ पासून स्पर्धात्मक संघांत ते सुरू होतं. ऑन्टॅरिओच्या हाउस लीगमध्ये (निवडीशिवाय सगळ्यांना घेणारी स्थानिक लीग) कुठल्याच वयात नाही.

पण बॉडीचेकिंग बंद म्हणजे अंगाला अंग लागणारच नाही, असं नाही. यू-११ पासूनच मुलाला कोन साधून जाणं, स्टिकने पक काढणं, कठड्यापाशी खांदा आणि मांडी टेकवून मार झेलणं शिकवावं लागतं. कठड्यापासून तीन-चार फुटांवर मान खाली घालून उभं राहणं सगळ्यात धोक्याचं. एक तर कठड्याला चिकटून राहा, नाही तर लांब.

ऑन्टॅरिओत रोवन्स लॉ नावाचा कायदा आहे, २०१८ चा. रग्बी खेळताना डोक्याला लागोपाठ मार बसून सतरा वर्षांची रोवन स्ट्रिंगर २०१३ मध्ये गेली, तिच्या नावाचा. त्यानुसार खेळाडू आणि लहान मुलांचे पालक यांना दर वर्षी कन्कशनची (मेंदूला बसणाऱ्या हादऱ्याची) माहिती वाचून तसं कळवावं लागतं, आणि शंका आली तरी मुलाला लगेच खेळातून बाहेर काढावं लागतं. डॉक्टरांनी मोकळं केल्याशिवाय पुन्हा खेळायला पाठवू नका. ‘त्याला बरं वाटतंय, उद्या सामना आहे’ हे कारण चालत नाही.

खर्च, चाचण्या, खाणं

हाउस लीगचा खर्च शेकडो डॉलरांत असतो, ए-एए-एएएचा (निवडक, स्पर्धात्मक संघांच्या चढत्या पातळ्या) हजारांत, वर प्रवास आणि हॉटेलं. स्पर्धात्मक संघांच्या चाचण्या वसंतात होतात. नवीन मुलांना सामानासह सुरुवात करून देणारा फर्स्ट शिफ्ट हा उपक्रम सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पैशांची अडचण असेल तर मुलांच्या खेळासाठी मदत देणाऱ्या जंपस्टार्ट या संस्थेकडे अर्ज करा, त्यात लाज काही नाही. अर्ज भरायला आम्ही मदत करतो.

सकाळी सहाचा सराव असेल तर उठवून पोटभर खायला घालू नका, केळं आणि दूध पुरे. दुपारचा सामना असेल तर दोन-तीन तास आधी पोहे, उपमा किंवा वरणभात उत्तम. सामन्यानंतर वडापाव खुशाल द्या. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी, नाव घातलेली.

घरी टीव्हीवर सामना बघायचा तर हॉकीचं पंजाबी समालोचन २००८ मध्ये सुरू झालंय. मराठी कानाला त्यातलं बरंच कळतं आणि इंग्रजीला कंटाळलेल्या आजोबांना नियम समजायला त्याने मदत होते. प्रेक्षकांत बसल्यावर मात्र ‘शूट कर, शूट कर’ ओरडू नका. प्रशिक्षक वेगळं सांगत असतो आणि मूल तुमचं ऐकतं.

दुकानात येताना

मुलाला सोबत आणा, मापाचा कागद किंवा फोटो चालणार नाही. पातळ मोजे आणा. संध्याकाळी आलात तर बरं, दिवसभरात पाय थोडा फुगतो आणि माप नेमकं मिळतं. जुने स्केट्स असतील तर तेही आणा, चांगले असतील तर बदल्यात घेतो. धार लावायला दहा मिनिटं लागतात. शनिवारी सकाळी जास्त, म्हणून शक्यतो शुक्रवारी रात्रीच देऊन जा.