घसरत घसरत वर

“हा पिवळा गोळा दिसतोय ना, त्याला हात लावायचा नाही. पाय पेडलपासून लांब. बाकी मजा करा,” एवढं सांगून इन्स्ट्रक्टर माझ्या मागच्या सीटवर बसले आणि डोक्यावरचं पारदर्शक झाकण बंद केलं. पुण्यात हडपसरला ग्लायडिंग सेंटर आहे, तिथली ही गोष्ट. मार्चअखेरची दुपार होती आणि झाकणाखाली भाकरी भाजून निघेल इतकं तापलं होतं.

धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला, साधारण किलोमीटरभर लांब, विंच उभं होतं. विंच म्हणजे रहाटच. फक्त पोहऱ्याच्या जागी आम्ही आणि ओढायला मोठं इंजिन. त्याची तार ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकवलेली. एक मुलगा पंखाचं टोक हातात धरून उभा होता, कारण ग्लायडरची चाकं मधल्या रेषेत असतात. सोडून दिलं की ते एका पंखावर कलंडून बसतं. तार ताणली गेली, मुलगा चार-पाच पावलं पळाला आणि मग कुणीतरी पाठीत लाथ घातल्यासारखं झालं. तीन-चार सेकंदांत वेग शंभराच्या घरात. नाक वर गेलं आणि समोर आकाशाशिवाय काही उरलं नाही. बाराशे फुटांवर इन्स्ट्रक्टरनी त्यांच्याकडचा पिवळा गोळा ओढला. खाडकन आवाज झाला आणि तार सुटली.

आता आम्ही दोघं एका पांढऱ्या फायबरच्या होडीत होतो आणि तिला इंजिन नव्हतं.

पाहुण्यांना हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: “मग पडत नाही का?” पडतं ना! ग्लायडर सुटल्या क्षणापासून पडतच असतं, फक्त फार सावकाश आणि तिरकं. उतारावर सायकलचे पेडल मारायचे थांबवले तरी सायकल धावते. तिला ओढतं ते गुरुत्वाकर्षण. ग्लायडरलाही तेच ओढतं. तो उतार अर्थात हवेतला असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. विमान तरंगतं ते पंखांवरून हवा वाहते म्हणून. इंजिनाचं काम ती हवा वाहती ठेवायचं, आणि उंची खर्च करून तेच काम फुकटात होतं.

हा उतार किती सौम्य ठेवता येतो, यातच ग्लायडरची सगळी कारागिरी. शिकवायला वापरतात ती दोन सीटची साधी ग्लायडर एक किलोमीटर खाली येईपर्यंत तीसेक किलोमीटर पुढे जातात. स्पर्धेतली लांब, निमुळत्या पंखांची ग्लायडर साठ-सत्तर किलोमीटरही जातात. पंख लांब का? पंखाच्या टोकाशी खालची दाबाची हवा वर वळते, तिथे भोवरा तयार होतो आणि तो विमानाला मागे खेचतो. पंख जितका लांब आणि अरुंद, तितका या भोवऱ्याचा हिस्सा कमी. गंमत म्हणजे प्रवासी जेट काही दगड नव्हे. तेही किलोमीटरला पंधरा-सतरा किलोमीटर घसरत जातं. दहा किलोमीटर उंचीवर, मुंबईच्या डोक्यावर, दोन्ही इंजिनं थांबली तरी हिशेबाने ते पुण्याच्या पुढेही जाईल. (हे वाक्य मी विमानात शेजारच्या प्रवाशाला धीर द्यायला एकदा वापरलं होतं. उपयोग झाला नाही.)

इंजिनाआधी माणूस उडाला तो असाच. इंग्लंडच्या यॉर्कशरमधले जॉर्ज केली यांनी पंखावर हवेचा जोर कसा चालतो याचा हिशेब मांडला आणि 1853 मध्ये ग्लायडर बांधून त्यात आपल्या घोडागाडीवानाला बसवलं. ब्रॉम्प्टनच्या दरीवरून ते पलीकडे गेलं. उतरल्यावर गाडीवानाने म्हणे नोकरी सोडली: मला गाडी हाकायला ठेवलंय, उडायला नाही! गोष्ट केलींच्या नातीने पुढे सांगितली म्हणून टिकली. थोडं मीठमसाला लागला असेल, पण मला त्या गाडीवानाचं पूर्ण पटतं. पुढे जर्मनीत ऑटो लिलिएंथालने दोन हजारांवर उड्या मारल्या आणि 1896 मध्ये अशाच एका उड्डाणात पडून तो गेला. राइट बंधूही 1903 च्या इंजिनाआधी तीन वर्षं ग्लायडरच उडवत होते. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आणली, तेव्हा तिथली तरुण पोरं वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमून बिनइंजिनाची विमानं उडवू लागली. 1920 पासून तिथे स्पर्धा सुरू झाल्या, आणि पडता पडता वर कसं जायचं हे खरं तिथे उमगत गेलं.

आपल्याकडेही ग्लायडर बनली, आणि त्यांची नावं मला फार आवडतात. नागरी विमान खात्याच्या तंत्रज्ञांनी आखलेल्या ग्लायडरांची यादी वाचा: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. पंचांग उघडून एकेक नक्षत्र घेतलंय! त्यातली रोहिणी शेजारी-शेजारी बसायची दोन सीटची, लाकडी. कित्येक जण तिच्यातच उडायला शिकले.

परत हडपसरवर. डावीकडे मगरपट्ट्याचे टॉवर, खाली कालवा, लांबवर दिवे घाटाचा डोंगर. हवा अगदी स्तब्ध असती तर बाराशे फुटांवरून आम्ही सात-आठ मिनिटांत खाली असतो. ग्लायडर सेकंदाला पाऊण मीटरच्या आसपास खाली येत असतं. वर जायचं तर एकच मार्ग: त्याहून जास्त वेगाने वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्या पोटात शिरून आपलं घसरणं चालू ठेवायचं. वर येणाऱ्या सरकत्या जिन्यावरून सावकाश खाली उतरणारा माणूसही वरच्या मजल्यावर पोचतो, तसं.

ही हवा दुपारी जमिनीतूनच उगवते. ऊन सगळीकडे सारखंच पडतं, पण उसाचं ओलं शेत कमी तापतं आणि त्याच्या शेजारचं नांगरून टाकलेलं काळं रान जास्त. पत्र्यांची शेड, खडीची खाण, डांबरी पट्टे ही तर तव्यासारखी. तिथली हवा तापते, फुगते, हलकी होते आणि एखाद्या झुळकीने डिवचलं की बुडबुड्यासारखी सुटते. उडणारे याला थर्मल म्हणतात. वावटळ म्हणजे अशाच सुटणाऱ्या हवेचा धुळीने रंगवलेला पाय.

हवेत एवढा दम कुठला, असं वाटेल. हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवेचं वजन सव्वा किलोच्या आतबाहेर. ती भोवतालच्या हवेपेक्षा एका अंशाने जास्त तापली तर सुमारे 4 ग्रॅम हलकी होते. चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही. पण 100 मीटर व्यासाचा हवेचा गोळा घ्या: त्यात पाच लाखांहून जास्त घनमीटर हवा मावते, आणि तिला वर ढकलणारा जोर भरतो दोन टनांचा. दोन माणसांसकट आमचं ग्लायडर 600 किलोंच्या आतलं होतं.

प्रश्न शोधायचा. हवा दिसत नाही आणि अंगालाही नीट कळत नाही. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला वेगातला बदल कळतो, एकसारखा वेग कळत नाही. लिफ्ट सुटताना पोटात गोळा येतो, मधल्या मजल्यांवर काहीच जाणवत नाही, तेच. म्हणून ग्लायडरमध्ये व्हेरिओमीटर असतो. त्याचा जुना प्रकार ऐकून मी हसले होते: एक थर्मासची बाटली, तिला बारीक नळी. वर गेलं की बाहेरचा दाब घटतो आणि बाटलीतली हवा नळीतून बाहेर निघते; खाली आलं की आत शिरते. तो प्रवाह मोजायचा, झालं. बाटली थर्मासची अशासाठी, की ऊन-गारव्याने आतली हवा फुगून खोटं सांगू नये. 1920 च्या दशकाच्या शेवटी रॉबर्ट क्रोनफेल्डने असं यंत्र घेऊन उडायला सुरुवात केली आणि ग्लायडरची उड्डाणं एकाएकी लांबली. आमच्याकडचा व्हेरिओमीटर आवाज करणारा होता: चढताना टीं-टीं-टीं, उतरताना रडल्यासारखा एकच सूर.

पहिली दोन मिनिटं तो रडतच होता. नऊशे फूट. समोर झाकणावर लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला असतो. तो सरळ मागे उडत असेल तर विमान हवेत सरळ जातंय, तिरका झाला तर आडवं घसरतंय. लाखोंच्या यंत्रातला सर्वांत भरवशाचा भाग दोन रुपयांचा!

“उजवीकडे घार बघा,” मागून आवाज आला.

घार पंख न हलवता गिरक्या घेत होती. आम्ही तिच्याकडे वळलो. आधी विमान खाली आपटल्यासारखं झालं, कारण थर्मलच्या कडेची हवा खाली येत असते. मग उजवा पंख कुणीतरी उचलला आणि टीं-टीं सुरू झालं. इन्स्ट्रक्टरनी उचललेल्या पंखाच्याच बाजूला विमान वाकवलं. जो पंख उचलला गेला, त्या बाजूला चढती हवा. जवळजवळ 45 अंश कललेलो, एक फेरी पंधरा-सोळा सेकंदांची, गालफडं जड झालेली. घार आमच्या समोर, वर्तुळाच्या दुसऱ्या बाजूला, त्याच उंचीवर. तिच्या पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी फाकलेली होती आणि एकेक पीस वेगवेगळं हलत होतं. तिने मान वळवून एकदा आमच्याकडे पाहिलं. बाराशे, सोळाशे, दोन हजार.

चढती हवा थर्मलमध्येच असते असंही नाही. पावसाळ्यात नाणेघाटात उभं राहिलेल्यांनी ती पाहिली आहे: कोकणातून आलेला वारा कड्याला थडकतो, त्याला वर चढण्यावाचून गती नसते, आणि तो पडणारं पाणी उलटं वर उधळतो. कामशेतच्या डोंगरांवर पॅराग्लायडर तासन्‌तास तरंगतात ते अशाच वाऱ्यावर. डोंगर मोठा आणि वारा जोरदार असेल तर डोंगरामागे हवेच्या लाटा उठतात. अँडीजच्या अशा लाटांवर स्वार होऊन ‘पर्लन 2’ हे बिनइंजिनाचं विमान 2 सप्टेंबर 2018 रोजी अर्जेंटिनात 76,124 फुटांवर गेलं. तिथे हवा इतकी विरळ, की प्रवासी जेटची दुप्पट उंची म्हटलं तरी नीट कल्पना येत नाही.

पण ग्लायडिंगची मला सर्वांत आवडणारी गोष्ट एका जेट विमानाची आहे. 23 जुलै 1983, एअर कॅनडाचं बोइंग 767, आत 69 जण. इंधनाचा मीटर बंद होता म्हणून हिशेब हाताने केला. देश पौंडांवरून किलोवर येत होता, आणि एका लिटरचं वजन 0.8 किलो धरायच्या ऐवजी धरलं 1.77, जो आकडा पौंडांचा. हवं होतं 22,300 किलो, टाकीत होतं त्याच्या निम्म्याहूनही कमी. 41,000 फुटांवर इंधन संपत आलं आणि थोड्याच वेळात एकापाठोपाठ दोन्ही इंजिनं थांबली. कॅप्टन बॉब पिअर्सन सुट्टीच्या दिवशी ग्लायडर उडवणारा माणूस होता. गिमली इथल्या जुन्या लष्करी धावपट्टीकडे त्याने विमान घसरवत आणलं, आणि जवळ आल्यावर दिसलं की उंची जास्त आहे. इंजिन नाही, म्हणजे पुन्हा चक्कर मारायची सोय नाही. मग त्याने ग्लायडरवाल्यांची जुनी युक्ती केली: एकीकडे विमान कलतं करायचं, दुसरीकडचं पेडल दाबायचं, विमान अंग चोरून आडवं चालतं, हवेला पोट दाखवतं आणि भराभर उंची गमावतं. लोकरीचा धागा असता तर पार आडवा झाला असता. ती धावपट्टी आता मोटारींच्या शर्यतीची होती, त्या दिवशी माणसंही जमलेली होती, सायकलवरची पोरं समोरून पळाली. पुढचं चाक मोडलं, विमान नाकावर घासत थांबलं. गंभीर इजा कुणालाही नाही.

आमच्याकडेही दुसरी संधी नव्हतीच. तेवीसशे फुटांवर टीं-टीं मंदावली, घार न वळता वर निघून गेली. “चला, खाली रांग लागलीय,” इन्स्ट्रक्टर म्हणाले. निळी दांडी मागे ओढली तशी पंखांतून फळ्या वर आल्या, वाऱ्याचा आवाज खरखरीत झाला आणि जमीन वर येऊ लागली. एक हलका ठोका, मग गवतात खडखडाट, मग एक पंख टेकला आणि सगळं थांबलं.

इंजिन नसल्याचा तोटा त्यानंतर कळला. ते परत रांगेत न्यायला ढकलावं लागतं. तिघांनी मिळून पाऊण किलोमीटर ढकललं, त्या उन्हात. दम खायला थांबले तेव्हा वर पाहिलं. पांढऱ्या ढगाखाली मुगाएवढा एक काळा ठिपका अजून फिरत होता.