रात्रीचा चोर, दिवसाचा चोर

विदर्भात धान, हरभरा हाताशी येऊ लागला की रानडुकरं आणि रोही (नीलगाय) शिवारात उतरतात. ज्याला रोजची जागल झेपत नाही तो कुंपणाच्या तारेत थेट लाइनवरची वीज सोडतो, बहुतेकदा आकडा टाकून. डुक्कर मरतं, कधी वाघ मरतो, आणि कधी अंधारात पाणी द्यायला निघालेला शेजारी. मग गुन्हा दाखल होतो आणि पारावर वाद रंगतो. पीक त्याचं, बांध त्याचा, तारही त्याच्याच हद्दीत. मग चूक कोणाची?

माल वाचवण्यासाठी माणूस मेला तर चालेल का, या प्रश्नाला निदान अडीच हजार वर्षांची लेखी परंपरा आहे. तिच्यात मालाच्या किमतीला जवळजवळ कुठेच महत्त्व नाही. चोरी किती रुपयांची यापेक्षा चोर कधी आला आणि कुठून आला, याच्याकडेच कायदे करणाऱ्यांचं लक्ष राहिलं.

बायबलच्या जुन्या करारात, निर्गमच्या बाविसाव्या अध्यायात, नियम दोन ओळींचा आहे. घर फोडताना सापडलेला चोर मार लागून मेला तर मारणाऱ्यावर रक्ताचा दोष नाही. पण सूर्य उगवला असेल तर दोष आहे. रोमच्या बारा पट्टांच्या कायद्यात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात, हीच विभागणी दिसते. रात्रीचा चोर मारला तर कायदेशीर, दिवसाचा मात्र त्याने शस्त्र उगारलं तरच. ज्यू धर्मपंडितांनी तालमुदात यामागचं कारण उलगडलं. घर फोडून शिरणाऱ्याला ठाऊक असतं की मालक जागा होईल, आडवा येईल. म्हणजे वेळ पडली तर मारण्याच्या तयारीनेच तो आला आहे, असं धरायचं. मग त्यांनी एक बारीक अपवाद केला. मुलाच्या घरात चोरी करायला बापच शिरला असेल तर मुलाने त्याला मारू नये, कारण बाप काही मुलाचा जीव घेणार नाही. थोडक्यात, मुभा मालासाठी नव्हतीच, ती जिवाच्या भीतीसाठी होती. हा बाप पुढे पुन्हा भेटणार आहे.

आपल्याकडच्या धर्मशास्त्राने रात्र-दिवस मोजण्याऐवजी माणसालाच नाव दिलं: आततायी. वसिष्ठ धर्मसूत्रातला श्लोक प्रसिद्ध आहे.

अग्निदो गरदश्चैव शस्त्रपाणिर्धनापहः।
क्षेत्रदारापहर्ता च षडेते ह्याततायिनः॥

आग लावणारा, विष देणारा, शस्त्र घेऊन आलेला यांच्याच रांगेत धन लुटणारा आणि शेत बळकावणारा बसवले आहेत. मनुस्मृती तर सांगते की आततायी चालून आला तर तो गुरू असो, बालक, वृद्ध किंवा बहुश्रुत ब्राह्मण असो, विचार न करता मारावा. शब्दशः घेतलं तर बांध कोरणाऱ्या भाऊबंदालाही मारायची परवानगी मिळाली असती, आणि मग महाराष्ट्रात किती घरं शिल्लक राहिली असती कोण जाणे.

टीकाकारांना ही अडचण दिसत होती. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. तिथे तो या श्लोकापाशी बराच वेळ थांबतो. मनूचं वाक्य ही सरसकट आज्ञा नव्हे, असं त्याचं म्हणणं. ब्राह्मणादी आततायींना स्वतःच्या वगैरे रक्षणासाठी, मारण्याचा हेतू न ठेवता अडवताना त्यांचा चुकून मृत्यू झाला तर प्रायश्चित्त हलकं आणि राजदंड नाही, हा त्याचा निर्णय. हेतू मारण्याचा नको, अडवण्याचा हवा, ही आजच्या न्यायालयालाही पटेल अशी कसोटी आहे. फक्त ती कोणाचा जीव वाचवण्यासाठी घडवली गेली तेही बघायला हवं. ज्याच्या घरी चोरायला काही नाही आणि ज्याच्यावर गावाचा संशय आधी जातो, अशा माणसासाठी एवढी काथ्याकूट कोणी केली नव्हती.

गावगाड्यात प्रत्यक्ष व्यवस्था निराळीच होती. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात रखवालदारीचं वर्णन आहे. कुठे रामोशी, कुठे भिल्ल, कुठे महार राखण करत. चोरी झाली की रखवालदाराने माग काढायचा. माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की जबाबदारी त्या गावाच्या रखवालदारावर, आणि माग लागलाच नाही तर भरपाईचा बोजा रखवालदारावर व गावावर. गेलेला माल भरून मिळण्याची सोय असेल तर चोराचा जीव घेण्याची निकड कमी होते. ही व्यवस्था आदर्श होती असं कोणी समजू नये, तिच्यात जुलूम आणि संगनमत दोन्ही होतं. पण मालाचा प्रश्न मालानेच सोडवावा हा विचार तिच्यात होता, आणि पुढच्या काळात तो मागे पडला.

इंग्लंडमध्ये १६०४ च्या एका निकालात घर हा माणसाचा किल्ला मानला गेला. सतराव्या शतकाच्या अखेरीस जॉन लॉकने युक्तिवाद मांडला की ज्याने मला इजाही केली नाही अशा चोराला मी मारू शकतो. जबरदस्तीने मला ताब्यात घेणारा फक्त पैसे घेऊन थांबेल असं मी का मानावं? म्हणजे लॉकही फिरून भीतीपाशीच येतो. इंग्रजी परंपरेत रात्रीची व्याख्याही सुंदर होती: समोरच्याचा चेहरा ओळखू येण्याइतका उजेड असेल तर ती रात्र नव्हे.

पण त्याच इंग्लंडात जमीनदार शिकारचोरांसाठी रानात स्प्रिंग-गन लावत. दोरीला पाय लागला की बंदूक आपोआप उडे. १८२५ साली ब्रिस्टलजवळच्या एका ट्यूलिपच्या बागेत शेजाऱ्याची लांडोर शिरली. ती परत आणायला भिंत चढून गेलेल्या तरुणाच्या गुडघ्याला गोळी लागली. बागेत तशी पाटी नव्हती. फुलं महाग होती, आधी चोरीही झाली होती, तरी १८२८ मध्ये न्यायालयाने मालकालाच भरपाई द्यायला लावली. तोवर १८२७ च्या कायद्याने अशा बंदुकांवर बंदीही आली होती. रात्री राहत्या घराच्या आत तेवढी सूट ठेवली. पुन्हा रात्र, पुन्हा घर.

मेकॉले हिंदुस्थानात आला तो १८३४ मध्ये. त्याच्या विधी आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा दिला. खासगी बचावाच्या हक्कावरचं त्यातलं टिपण आज वाचताना गंमत वाटते आणि रागही येतो. दरोडेखोरांच्या टोळ्या लुटतात आणि इथले लोक निमूट सोसतात, हे आयोगाला फार निराश करणारं लक्षण वाटलं. म्हणून हक्कावर बंधनं वाढवण्यापेक्षा लोकांत मर्दानी वृत्ती जागवावी, असं त्यांनी लिहिलं. संहिता मंजूर झाली १८६० मध्ये, मधल्या काळात १८५७ होऊन गेलेलं. लागू झाली १ जानेवारी १८६२ पासून. १८७८ मध्ये त्याच सरकारने शस्त्र कायदा करून परवान्याशिवाय हत्यार बाळगायला मनाई केली. मर्दानी वृत्ती जागवायची, पण काठीने.

संहितेचं कलम १०३ हे या साऱ्या इतिहासाचं गाठोडं आहे. मालमत्तेच्या बचावात मृत्यू घडवण्याची मुभा चारच ठिकाणी: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या किंवा माल ठेवायच्या इमारतीला, तंबूला, जहाजाला आग लावणं, आणि चोरी, आगळीक (म्हणजे मालाची नासधूस) किंवा गृह-अतिक्रमण अशा परिस्थितीत, की जीव जाण्याची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी. चौथ्या प्रकारात भीती सिद्ध करावी लागते, पहिल्या तिन्हींत कायदा ती गृहीत धरतो. या सगळ्यावर कलम ९९ चा लगाम: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेत कलम ४१ आणि ३७ म्हणून आली. आगीच्या जोडीला स्फोटकं आली, ‘रात्री’च्या जागी ‘सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी’ आलं. तेही नवं नाही. जुन्या संहितेत रात्रीच्या घरफोडीची व्याख्या तीच होती.

या कलमांबाहेर पडायची हाक महाराष्ट्राने ऐकली आहे. जून १८९७ मध्ये पुण्याच्या शिवराज्याभिषेक उत्सवात अफझलखानाचा वध न्याय्य होता का, यावर चर्चा झाली. टिळकांचं समारोपाचं भाषण १५ जूनच्या ‘केसरी’त आलं. चोर घरात शिरले आणि त्यांना हुसकायचं बळ मनगटात नसेल तर बेलाशक दार लावून त्यांना जिवंत जाळावं, असा त्यातला दाखला. आणि पुढे पीनल कोडातून बाहेर पडून भगवद्गीतेच्या उंच वातावरणात या, अशी हाक. आठवडाभरात, २२ जूनला, गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या अंकातल्या मजकुरावरून टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. चोर म्हणजे कोण हे श्रोत्यांना कळत होतं आणि सरकारलाही. पण दाखला शब्दशः घेतला तर तो नेमका त्या संहितेत न बसणारा आहे: चोर आत कोंडले गेले की धोका संपला, आता पोलीस पाटलाला बोलवायला वेळ आहे.

बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेला परतताना जहाजावर गांधींनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिलं. वाचकाशी संवादाच्या रूपातल्या या पुस्तकातही घरात चोर शिरतो. वाचक म्हणतो, मिळेल त्या उपायाने हाकलू. गांधी विचारतात, तो तुमचा बाप असेल तर? ओळखीचा असेल तर? सशस्त्र असेल तर? प्रत्येक वेळी उपाय बदलतो, मग ‘मिळेल तो उपाय’ कुठे राहिला? पुढे ते सुचवतात की दारं-खिडक्या उघड्या ठेवा, झोपायची जागा बदला, वस्तू चोराच्या हाताशी ठेवा. तालमुदातला बाप त्यांना माहीत असेल असं मानायचं कारण नाही, पण दोघे एकाच वळणावर पोचले. यात एक कायदेशीर मौज आहे. बंद दार उघडून शिरणं म्हणजे घरफोडी, सताड उघड्या दारातून सरळ आत येणं ती नव्हे. गांधींचा सल्ला मानणाऱ्या घरात कलम १०३ चा दुसरा प्रकार सहसा उरतच नाही.

स्वातंत्र्यानंतर न्यायालयांनी या हक्काला दोन्ही बाजूंनी आकार दिला. हल्ला अंगावर आलेला असताना माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून वार करावा अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं. २०१० च्या दर्शन सिंग खटल्यात पळ काढणं बंधनकारक नसल्याचंही म्हटलं. त्याचबरोबर २००२ च्या जस्सा सिंग निकालात स्पष्ट केलं की मोकळ्या जमिनीवरच्या अतिक्रमणासाठी कोणाचा जीव घेता येत नाही; कलमात शब्द ‘गृह-अतिक्रमण’ आहे. बांधावरच्या कुऱ्हाडीला यातून आधार मिळत नाही.

भीती ‘वाजवी’ कधी, हा काटा मात्र कायम राहिला. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचलेत चोर फिरत असल्याच्या अफवेने लोक जागता पहारा देत होते. त्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचालकाला ठार मारलं. रात्र होती, भीतीही होती. पण कोणाचं घर फुटलं नव्हतं, आणि पोलीस तर तिथे हजर होते.

जगातही एकमत नाही. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारात बचावासाठी प्राणघातक बळ वापरायची मुभा माणसाच्या रक्षणापुरती आहे, मालमत्तेचं नाव त्यात नाही. टेक्सासचा कायदा उलट, रात्रीची साधी चोरी किंवा नासधूस थांबवायलाही विशिष्ट परिस्थितीत जीव घेण्याची परवानगी देतो. तिथेही शब्द ‘रात्री’ आहेच.

आता पुन्हा तारेकडे. बिहारमधल्या एका बाईच्या संडासाची भिंत पडली, आडोसा गेला, म्हणून ती शेजाऱ्याचा संडास वापरू लागली. त्याने हटकलं. ती थांबली नाही, तेव्हा त्याने उघडी तांब्याची तार ओढून तीत वीज सोडली. बाई मेली. १९६३ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं. मालमत्तेच्या बचावाचा हक्क पुढे केला गेला, पण न्यायालयाने तो मानला नाही. परवानगीशिवाय आत शिरणारा माणूस म्हणजे कोणीही मारावा असा लांडगा नव्हे, असं निकालात आहे. निष्काळजीपणाने मृत्यूचं कलम, ३०४-अ, कायम राहिलं. शेतातल्या तारेच्या खटल्यांत आजही हा निकाल पुढे येतो.

बाजारात मिळणारं झटका मशीन बॅटरीवर चालतं, क्षणभराचा धक्का देतं आणि थांबतं. जनावर बिचकतं, मरत नाही. आकड्याच्या तारेतली वीज थांबत नाही. आणि बऱ्याच गावांत कृषिपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असते, त्यामुळे पिकाला पाणी द्यायचं तर अंधारातच बांधावरून जावं लागतं.