मधुमेहरोधी वनस्पती-अर्क चाचणी

पान, साल, मूळ किंवा बी यांच्या अर्काने रक्तातील साखर उतरते का, हे तपासण्याची पद्धती. ठाणे व नवी मुंबईत औषधनिर्माणशास्त्र आणि विज्ञान महाविद्यालयांत पदव्युत्तर अभ्यासाचा भाग म्हणून हे काम होते. जांभूळ, कारले, मेथी, गुळवेल, गुडमार व सप्तरंगी या नेहमीच्या वनस्पती.

ओळखीचा प्रश्न सर्वांत आधी येतो. ‘सप्तरंगी’ या एकाच नावाखाली सॅलॅशिया चायनेन्सिस आणि केसिएरिया एस्क्युलेंटा या भिन्न कुळांतील दोन वनस्पती सांगितल्या जातात. बहुतेक अभ्यासक पहिली ग्राह्य धरतात व ते अधिक सयुक्तिक वाटते; कारण पिष्ट पचवणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) रोखणारे सॅलॅसिनॉल हे रसायन सॅलॅशिया प्रजातीतलेच. पुडीवरच्या नावावर विसंबून केलेली चाचणी म्हणूनच निरुपयोगी ठरू शकते. नमुन्याची खातरजमा मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहासारख्या (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासारख्या) ठिकाणी करतात. ठाण्याचे येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात असल्याने तेथून नमुना आणण्यास वनखात्याची परवानगी लागते.

गुडमारचे पान चघळल्यावर जिभेला साखर वाळूसारखी लागते. या वनस्पतीवर म्हसकर व कायस या संशोधकांचा अभ्यास १९३० मध्ये प्रसिद्ध झाला.

सावलीत वाळवलेल्या भुकटीचा अर्क पाण्यात वा अल्कोहोलमध्ये काढतात. अल्फा-अमायलेज हे स्टार्च (पिष्ट) तोडून साखर बनवणारे विकर; त्याच्या चाचणीत अर्क हे विकर व स्टार्चसोबत ठेवून डायनायट्रोसॅलिसिलिक आम्ल घालतात आणि उकळतात. तयार झालेल्या साखरेमुळे पिवळे द्रावण तांबूस होते. विकर जितके रोखले जाईल तितका रंग फिका. तो ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजतात. अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग वजा केला नाही, तर आकडे चुकतात. अल्फा-ग्लुकोसिडेज या पिष्टपचनातल्या दुसऱ्या विकराच्या चाचणीत आणखी मोठी गफलत होते. स्वस्त म्हणून यीस्टचे विकर वापरतात. तुलनेसाठी वापरले जाणारे अकार्बोज हे मधुमेहावरचे औषध त्याला फारसे रोखत नाही, सस्तन प्राण्यांच्या आतड्यातील विकराला मात्र चांगलेच रोखते. त्यामुळे साधा अर्कही ‘अकार्बोजपेक्षा प्रभावी’ दिसतो. असा दावा वाचताना विकर कोणते होते, हे आधी पाहावे.

उंदरांवरील प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची मान्यता लागते. त्यांत मधुमेह घडवण्यासाठी वापरले जाणारे स्ट्रेप्टोझोटोसिन हे रसायन स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. प्रौढांतील नेहमीच्या मधुमेहाचे ते पुरेसे प्रतिरूप नव्हे.

माणसांवरील चाचण्या मोजक्याच. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाने रुग्णांची साखर उतरली नाही. बियांविषयी मात्र त्यावरून काही ठरत नाही.