दोन पिढ्यांनी बांधलेलं होपटाउन

लॉर्ड लिनलिथगो हे नाव मराठी वाचकाला माहीत असतं ते १९४२ मुळे. मुंबईच्या गवालिया टँकवर ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींना पकडून पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं, तेव्हाचे व्हाइसरॉय हेच. १८८७ साली त्यांचा जन्म झाला तो स्कॉटलंडमध्ये, होपटाउन हाउस या त्यांच्या होप घराण्याच्या वाड्यात. एडिंबरोच्या पश्चिमेला, फोर्थच्या खाडीकाठी हा वाडा आजही उभा आहे.

होप घराण्याचा पैसा शिशाचा. दक्षिणेकडच्या डोंगरात लेडहिल्सला त्यांच्या खाणी होत्या. तिथल्या कामगारांनी १७४१ मध्ये वर्गणी काढून स्वतःचं ग्रंथालय सुरू केलं. वाड्याच्या इतिहासात हेही सांगायलाच हवं, कारण सगळा डामडौल उभा राहिला तो त्यांच्या घामावर.

१६८२ मध्ये ‘ग्लॉस्टर’ जहाज बुडालं. त्यावरचे ड्यूक ऑफ यॉर्क, म्हणजे पुढचे राजे जेम्स, वाचले. या घराण्यातले जॉन होप मात्र बुडाले. त्यांचा मुलगा चार्ल्स तेव्हा तान्हा होता. त्याची आई लेडी मार्गारेट हिने संसार आणि जमीनजुमला सांभाळला, आणि मुलगा हाताशी येताच १६९९ मध्ये वास्तुकार विल्यम ब्रूसकडून वाड्याचं काम सुरू करवलं. चार्ल्सला १७०३ मध्ये अर्ल हा सरदारकीचा किताब मिळाला.

ब्रूसचं घर आटोपशीर, प्रमाणबद्ध. त्याचा अष्टकोनी लाकडी जिना अजून तसाच आहे. अलेक्झांडर आयझटने त्यावर फुलंफळं कोरली आहेत. घर आखताना लांबवरची एखादी खूण समोर धरायची, ही ब्रूसची खास दृष्टी. किनरॉसला स्वतःच्या घरासमोर त्याने तळ्यातला जुना किल्ला धरला. इथे पूर्वेला खाडीतलं इंचगार्वी बेट.

पण वीसेक वर्षांतच अर्लना हे घर लहान वाटू लागलं. १७२१ पासून वास्तुकार विल्यम अॅडमने पूर्वेची बाजू पार बदलली: उंच भित्तिस्तंभ, दोन्हीकडे बाक घेत गेलेल्या खांबांच्या ओळी, टोकांना स्वतंत्र इमारती. १७४८ मध्ये तो वारला. आतली दालनं जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी पुरी केली. पुढे ब्रिटनभर गाजलेला रॉबर्ट अॅडम घडला तो अशाच कामांवर. त्यामुळे समोरून येणाऱ्याला अॅडमचा थाट दिसतो, आणि मागे बागेत गेलं की ब्रूसचं शांत घर. मला ती मागची बाजू अधिक जवळची वाटते.

बागेतही बदल झाला. ब्रूसच्या काळचे रेखीव ताटवे गेले, मोकळी हिरवळ आली. मधलं गोल तळं मात्र आहे.

१८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज इथे आला, तेव्हा चित्रकार हेन्री रेबर्नला इथल्याच दिवाणखान्यात ‘सर’ किताब मिळाला. १९७४ पासून वाडा एका न्यासाकडे आहे. घराण्याची माणसं अजून त्याच्या एका भागात राहतात.