सोनटक्का फुलेनासा का होतो?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, डोंगराळ वाड्यांवर परसातला सोनटक्का चार-पाच पावसाळ्यांनी फुलं कमी देऊ लागला की कोणीतरी 'नजर लागली' म्हणतंच. नजरेचा इथे काही संबंध नाही. ठोंब उपटून पाहा.

सोनटक्क्याचा दांडा एकदाच फुलतो. शेंड्याला फूल आलं की त्याची वाढ संपते आणि नवा कोंब कंदाच्या बाजूच्या डोळ्यातून येतो. थंड मुलखातल्या आयरिस या फुलझाडाचीही हीच रीत, म्हणून तिथले बागवान दर तीन-चार वर्षांनी कंद फोडून लावतात. ठोंब बाहेर सरकत जातो आणि मध्ये फुलून गेलेल्या कंदांची दाटी उरते. त्या जुन्या कंदांवरही गोल वळ्यांच्या कडेला बारीक डोळे दिसतात. जिवंत, पण निजलेले.

त्यांना निजवतं कोण? वाढत्या शेंड्यात ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक तयार होऊन खाली वाहतं. १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी शेंगवर्गीय रोपाचा शेंडा खुडून जखमेवर ऑक्सिन लावलं, तर बाजूचे डोळे फुटेनात. पण हे ऑक्सिन डोळ्यात शिरतच नाही! एक स्पष्टीकरण असं: फुटण्यासाठी डोळ्याला स्वतःचं ऑक्सिन खोडातल्या प्रवाहात सोडावं लागतं आणि तो प्रवाह आधीच तुडुंब असतो. त्यात मुळांकडून स्ट्रिगोलॅक्टोन ही दुसरी संप्रेरकं येतात. ऑक्सिन पेशीबाहेर नेणारी 'पिन' नावाची प्रथिनं ही स्ट्रिगोलॅक्टोन पेशीच्या पडद्यावरून हटवतात, म्हणजे उरलीसुरली वाटही अरुंद होते. शिवाय साखर आहेच. वाढता शेंडा ती ओढून घेतो. २०१४ साली वाटाण्यावर दिसलं, की शेंडा खुडल्यावर ऑक्सिन घटण्याआधीच साखर डोळ्यापर्यंत पोचते आणि तो हलू लागतो.

कोयत्याने कंद तोडला की शेंड्याची ही सगळी सत्ता एका घावात संपते. नांगराने तुटलेला लव्हाळा दुप्पट जोमाने का उगवतो, तेही यातच आलं.

मिरगाच्या आधी ठोंब काढा. दोन-तीन ठसठशीत डोळे असलेले तुकडे करा, कुजके टाकून द्या. सावलीत एक-दोन दिवस ठेवले की कापावर बुचासारखा थर धरतो आणि पावसात कूज लागायची भीती कमी होते. मग दोन-तीन इंच खोल, हातभर अंतराने लावा. आयरिसचा कंद मात्र पाठ उन्हाला उघडी ठेवून लावतात. त्या दाढीवाल्या आयरिसच्या जाहिरातींना गोव्यात भुलू नका. त्याला हिवाळ्याची थंडी लागते आणि आपल्या पावसात तो कुजतो.

मुळं फुटायची पावडरही नको. तिच्यात बहुधा ऑक्सिनच असतं, आणि इथे तर त्याचाच अंमल उठवायचा आहे.