सुसंगत टेराहर्ट्झ प्रारण
सिंक्रोट्रॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांना चुंबकांनी वळवत फिरवणाऱ्या यंत्राच्या, वलयात फिरणारे इलेक्ट्रॉनांचे पुंजके पुरेसे आखूड केले, की त्यांतल्या इलेक्ट्रॉनांनी सोडलेल्या प्रारणाच्या लहरी एकाच कलेत, म्हणजे शिखराला शिखर जुळून, बाहेर पडतात. त्यांतून मिळणारे तीव्र प्रारण म्हणजे सुसंगत टेराहर्ट्झ प्रारण. त्याचा पट्टा सूक्ष्मतरंग आणि अवरक्त किरण यांच्या मधला; १ टेराहर्ट्झची तरंगलांबी ०.३ मिलिमीटर भरते. या पट्ट्यात प्रखर उगम मुळातच थोडे.

चुंबकाने वळवलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन प्रारण देतोच. एरवी पुंजका काही मिलिमीटर लांब असल्याने लहरींच्या कला जुळत नाहीत आणि शक्ती इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या प्रमाणात राहते. पुंजका तरंगलांबीहून आखूड झाला, की ती संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. बर्लिनच्या बेसी-२ या २४० मीटर परिघाच्या वलयात एका पुंजक्याचा प्रवाह १ मिलिअँपिअर धरला, तर त्यात सुमारे ५ अब्ज इलेक्ट्रॉन असतात. वर्गाची करामत केवढी, हे एवढ्यावरून कळते. आखूडपणाइतकाच पुंजक्याचा आकारही महत्त्वाचा: त्याच्या घनतेत धारदार कड किंवा बारीक चढउतार असले, तरी त्या मापाच्या लहरी सुसंगत होतात.

इलेक्ट्रॉन ज्या निर्वात नळीतून फिरतात तिच्या धातूच्या भिंती लांब लहरींना दाबून टाकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ ज्युलियन श्विंगर यांनी १९४५ मध्येच दाखवले होते; म्हणून लांब पुंजक्याचा उपयोग होत नाही. सुसंगत प्रारणाचे प्रत्यक्ष निरीक्षण १९८९ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठात झाले, पण ते रेषीय त्वरकावर, म्हणजे इलेक्ट्रॉनांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रावर. वलयात पुंजका सतत आखूड ठेवणे अधिक कठीण. त्यासाठी चुंबकांची मांडणी अशी बदलतात, की ऊर्जेतल्या फरकामुळे इलेक्ट्रॉनांच्या मार्गाच्या लांबीत जवळजवळ फरकच पडू नये. मार्गातला हा फरक एका गुणांकाने मोजतात आणि पुंजक्याची लांबी त्या गुणांकाच्या वर्गमुळाप्रमाणे घटते. पुंजका दहापट आखूड करायचा, तर गुणांक शंभरपट कमी करावा लागतो. बेसी-२ वर या रीतीने २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत स्थिर प्रारण मिळाले.

खरी अडचण प्रवाहाची. तो वाढवला, की पुंजका स्वतःच्याच प्रारणाच्या क्षेत्राने विस्कटतो, त्यात सूक्ष्म पुंजके उमटतात आणि प्रारण झटक्याझटक्याने फुटू लागते. हे झटके प्रखर, पण अनियमित. म्हणून वर्णपटाच्या मोजमापात गोंगाट शिरतो. जर्मनीतल्याच कार्ल्सरूहे येथील वलयावर या अस्थिरतेचा बारकाईने अभ्यास झाला आहे. बर्लिनच्या ४८ मीटर परिघाच्या मापनशास्त्रीय वलयात तर आखूड पुंजक्यांची सोय आराखड्यातच केली आणि त्यासाठी अष्टध्रुवी चुंबक बसवले.