आजीची नैनितालची कार्डं: चित्राची बाजू आणि पत्राची बाजू

नैनितालची जुनी चित्र-पोस्टकार्डं एकाशेजारी एक मांडली की एक गंमत लगेच दिसते. तळं तर तेच असतंच, पण ते बघायची जागाही तीच असते. एक तर तल्लीतालच्या टोकाला उभं राहून समोर मल्लीतालकडे, नाही तर चायना पीक या शिखरावरून खाली. पाण्यात दोन-चार होड्या, दोन्ही बाजूंनी उतरत आलेले झाडीचे डोंगर आणि पलीकडच्या टोकाला, डोंगराळ गावात असू नये इतकं मोठं एक सपाट मैदान.

आमच्या आजीकडे अशा कार्डांचा गठ्ठा होता. लग्नानंतर ती झाशीला राहायची. तिथली मराठी घरं नेवाळकरांच्या, म्हणजे झाशीच्या राणीच्या सासरच्या घराण्याच्या, काळापासूनची, त्यामुळे बोली घरची आणि उन्हाळा मात्र बुंदेलखंडाचा. मे महिन्यात लू सुरू झाली की ज्यांना जमे ते डोंगर गाठत. १९५०च्या दशकात आजी-आजोबा नैनितालला जात आणि तिथून आजी वाईला, माहेरी, कार्डं टाकायची. पणजी गेल्यावर तिच्या ट्रंकेतली कार्डं परत आजीकडे आली. न टाकलेली कोरी कार्डं तिने जपून ठेवलेलीच होती.

या कार्डांकडे बघताना बहुतेकांची फसगत होते ती तारखेत. मागे शिक्का १९५४चा, म्हणून पुढचं चित्रही १९५४चं, असं आपण धरून चालतो. ते खरं असेलच असं नाही. फोटोवाल्याने एकदा काढलेली काच, म्हणजे काचेवरची निगेटिव्ह, फुटेपर्यंत वापरात राहायची. दुकानात कार्डं संपली की त्याच काचेवरून पुन्हा छापायची. शिक्क्याची तारीख पाठवणाऱ्याची असते, चित्राची नव्हे.

पोस्टकार्ड आधी आलं, चित्र नंतर. ऑस्ट्रिया-हंगेरीने १ ऑक्टोबर १८६९ रोजी जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड काढलं. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ पासून पाव आण्याला मिळू लागलं. हे साधं कार्ड होतं, एका बाजूला पत्ता आणि दुसऱ्या बाजूला मजकूर. चित्रांची कार्डं १८९०च्या दशकात फोफावली, आणि सुरुवातीला त्यांच्या मागच्या बाजूवर फक्त पत्ता लिहायला परवानगी होती. काय सांगायचं ते चित्राच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीत कोंबावं लागे. १९०२ मध्ये ब्रिटनने मागच्या बाजूवर उभी रेघ मारायला मुभा दिली, डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता, आणि मग ही पद्धत जगभर रूढ झाली. जुन्या बाजारात कार्ड हाती लागलं तर आधी ही रेघ बघावी. रेघ नसेल तर कार्ड बहुधा शंभरी कधीच ओलांडून गेलेलं.

पहिल्या महायुद्धाआधी हिंदुस्थानातल्या दुकानांत विकली जाणारी पुष्कळ रंगीत कार्डं छापून येत जर्मनीतून. इथला फोटो तिकडे जाई आणि तिथले कारागीर त्यावर रंग चढवत. त्यांनी ना हे तळं पाहिलेलं, ना इथलं आकाश. म्हणून त्या काळच्या कार्डांवर कुठलंही पाणी एकाच निळ्या रंगाचं आणि कुठल्याही साडीचा काठ लालच. आपल्याकडेही छपाई होत होती. मुंबईची क्लिफ्टन आणि कंपनी देशभरच्या ठिकाणांची कार्डं काढायची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये गिरगावात सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथूनही कार्डं निघाली, पण ती देवदेवतांची आणि पुराणातल्या प्रसंगांची. तळ्यांशी त्यांचा संबंध नव्हता.

आजीची कार्डं या रंगीत घराण्यातली नाहीत. ती काळीपांढरी, चकचकीत, खरीखुरी फोटोची आहेत. पोस्टकार्डाच्या मापाचा ब्रोमाइड कागद मिळायचा, त्याच्या पाठीवर ‘पोस्ट कार्ड’ असं आधीच छापलेलं असे. गावातला स्टुडिओ त्यावर थेट काचेवरून फोटो उतरवायचा. खालच्या कोपऱ्यात इंग्रजीत ‘नैनिताल लेक’ अशी पांढरी अक्षरं आहेत, जरा वेडीवाकडी. ती पांढरी का, याचं उत्तर सोपं आहे. अक्षरं शाईने निगेटिव्हवर लिहीत. शाईतून उजेड जात नसे आणि तेवढा कागद पांढरा राही. एका कार्डावर शेवटच्या दोन अक्षरांना जागा उरली नाही, म्हणून ती चेपून बसवली आहेत. स्टुडिओतल्या कोणाचा तरी हात त्या अक्षरांत आहे, पण नाव कुठेच नाही. नैनितालमध्ये फोटोचा धंदा जुना. लखनौ आणि नैनिताल दोन्हीकडे दुकान असलेली लॉरी कंपनी एकोणिसाव्या शतकातच तळ्याचे फोटो काढून विकत होती.

आता चित्राच्या बाजूकडे. हे गाव युरोपीयांच्या नकाशावर आलं १८४१ मध्ये. शहाजहानपूरजवळच्या रोझा इथला साखरेचा व्यापारी पी. बॅरन डोंगरात हिंडता हिंडता तळ्यावर पोचला. ‘पिलग्रिम’ या टोपणनावाने तो आपल्या भटकंतीबद्दल लिहीत असे. तळं स्थानिकांना ठाऊक होतंच, नैनादेवीचं ते ठाणं. सतीचा डोळा इथे पडला अशी श्रद्धा आहे. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नरसिंह नावाच्या स्थानिक थोकदाराला, म्हणजे वतनदाराला, बॅरनने होडीत बसवून तळ्याच्या मधोमध नेलं आणि बुडवायची धमकी देऊन हक्क सोडल्याचं लिहून घेतलं, ही कथा तिथे आजही सांगतात. अशा हुशारीला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. असो. पुढच्या काही वर्षांत बंगले उठले, नगरपालिका आली, चर्च आलं, आणि वायव्य प्रांताच्या, म्हणजे ढोबळमानाने आजच्या उत्तर प्रदेशाच्या, सरकारने उन्हाळ्याचं ठाणं इथेच केलं. १८६२ मध्ये ख्रिस्तोफर कॉर्बेट नावाचे गृहस्थ इथे पोस्टमास्तर म्हणून आले. पुढे वाघांच्या शिकारकथांमुळे जगभर नाव झालेला जिम कॉर्बेट हा त्यांचाच मुलगा, जन्म १८७५, नैनितालचाच.

त्या सपाट मैदानाची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी, कारण कार्डावर ती कुठेच लिहिलेली नसते.

सप्टेंबर १८८० मध्ये दोन दिवस पाऊस थांबलाच नाही. तळ्याच्या उत्तरेचा डोंगर मुळातच ठिसूळ, त्याआधीही त्याने इशारे दिलेले. १८ तारखेला, शनिवारी सकाळी, व्हिक्टोरिया हॉटेलच्या मागे दरडीचा एक तुकडा सुटला आणि काही माणसं गाडली गेली. त्यांना काढायला सैनिक, अधिकारी, मजूर, स्वयंसेवक असे सगळे गोळा झाले. दुपारी एकच्या पुढे, ते खणत असतानाच, वरचा अख्खा उतार खाली आला. काही सेकंदांचं काम. हॉटेल, नैनादेवीचं देऊळ, एक मोठं दुकान आणि समारंभाच्या इमारती त्याखाली गेल्या. मलब्याचा लोंढा तळ्यापर्यंत पोचला. १५१ माणसं मेली. त्यांतले ४३ युरोपीय, बाकीचे देशी. गोऱ्या मृतांची नावं तिथल्या सेंट जॉन चर्चमध्ये पितळी पट्ट्यांवर कोरलेली आहेत. उरलेल्या शंभरावर माणसांना अशी पट्टी मिळाली नाही.

तळ्याच्या त्या टोकाला आधीही थोडी सपाटी होतीच. दरडीने ती वाढवली. मलबा हलवायचा कुठे, त्यापेक्षा तो सारखा करून घेतला, आणि त्यातून झालं ते ‘फ्लॅट्स’. तिथे पुढे हॉकी रंगली, बँड वाजला, संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची झुंबड उडू लागली. देऊळ १८८३ मध्ये तळ्याच्या काठी नव्याने उभं राहिलं. आजीच्या कार्डांवर मैदान, देऊळ आणि पाणी एका ओळीत येतं ते असं. ज्या जागेला कार्डवाल्यांनी सर्वांत देखणी म्हणून निवडलं ती कोसळलेल्या डोंगरावर उभी आहे. आजीला हे ठाऊक होतं की नाही, तिच्या मजकुरावरून कळत नाही. मैदानात मुलं घोड्यावर बसली आणि घोडेवाल्याने जास्त पैसे मागितले, एवढंच तिने लिहिलंय.

दरडीनंतर इंग्रजांनी उतारांवरचं पावसाचं पाणी बांधीव नाल्यांतून तळ्यात सोडायची व्यवस्था केली. हे नाले गावाचा खरा कणा आहेत, पण कार्डावर नाला कोण छापणार? लाटसाहेबाचा आधीचा बंगला शेर-का-डांडा टेकडीवर होता. जमीन हलू लागल्यावर तो सोडावा लागला आणि दुसऱ्या टेकडीवर नवा राजवाडा बांधला. त्याचा आराखडा केला एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी, आपल्या बोरीबंदर स्टेशनचे वास्तुकार. गठ्ठ्यात या वाड्याचं एक कार्ड आहे. त्याचे बुरूज बघून आपल्या मुंबईच्या इमारतींची आठवण का होते, याचा उलगडा मला फार उशिरा झाला.

पोचायची वाटही सोपी नव्हती. रेल्वे काठगोदामपर्यंत १८८४ मध्ये आली आणि तिथेच थांबली, आजही तिथून पुढे जात नाही. काठगोदामहून वर गावापर्यंत मोटार जाऊ लागली १९१५च्या सुमाराला. त्याआधी शेवटचा चढ घोड्यावर, पायी किंवा दांडीत बसून. दांडी म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायची खुर्ची. गठ्ठ्यातल्या एका कार्डावर तळ्याकाठच्या रस्त्यावर अशी खुर्ची दिसते, मोटार एकही नाही. आजीचा शिक्का १९५४चा, ती मात्र बसने वर गेलेली. फोटो कितीतरी आधीचा असणार, हे अशा खुणांवरून ताडायचं. तळ्याकाठी दोन रस्ते आहेत, वरचा आणि खालचा माल रोड. वरचा साहेबलोकांचा आणि खालचा बाकीच्यांचा, अशी इंग्रजी अमदानीतली रीत होती असं तिथले लोक सांगतात. स्वातंत्र्यानंतर उत्तर प्रदेश सरकार काही वर्षं उन्हाळ्यात नैनितालला मुक्काम हलवत राहिलं, पण वरच्या रस्त्यावर आता झाशीचे कारकूनही सहकुटुंब फिरत होते.

आता पत्राची बाजू. चित्र-पोस्टकार्डाचा अर्धा भाग पत्त्याचा, म्हणजे लिहायला जागा जेमतेम अर्धी. त्यात आजीच्या पिढीला मायना सोडवत नसे. वर मधोमध ‘श्री’. मग ‘तीर्थरूप आईस कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’. उरलेल्या चार ओळींत नैनिताल:

‘आम्ही सर्व सुखरूप पोचलो. इथे रात्री रजई लागते. काल होडीत बसलो, बाळू घाबरला. पाणी फार खोल आहे म्हणतात. दादाचे पथ्य सांभाळावे. बाकी पत्री लिहिते.’

‘बाकी पत्री लिहिते’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक कार्डावर आहे. ती सविस्तर पत्रं कुठे गेली कोण जाणे. पत्रं बहुधा वाचून अडकवली असतील तारेला, आणि तार भरल्यावर बंबात. कार्डं टिकली ती चित्रांमुळे.

कार्डाच्या काळाचा आणखी एक नेमका पुरावा तिकिटात सापडतो. आजीच्या बहुतेक कार्डांवर नऊ पैचं, म्हणजे पाऊण आण्याचं तिकीट आहे आणि त्यावर घारापुरीची त्रिमूर्ती. ही चित्रमालिका १९४९ची. हिमालयातून वाईला निघालेल्या कार्डावर मुंबईच्या खाडीतलं लेणं बसलेलं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे-पै जाऊन नवे पैसे आले, तिकिटांवर भारताचा नकाशा आला आणि पोस्टकार्ड पाच नव्या पैशांचं झालं. म्हणून शिक्का पुसट असला तरी त्रिमूर्ती दिसली की कार्ड साधारण त्या आधीचं समजायचं. नकाशाच्या तिकिटाची कार्डं गठ्ठ्यात फक्त दोन आहेत.

दोनच का, तेही सांगून टाकतो. पुढे आजोबांनी कॅमेरा घेतला. साठच्या दशकात बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक-थ्री मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आला होता. बारा फोटोंचा रोल, डोळा लावायचा, खटका दाबायचा. मग माल रोडवरच्या दुकानातून तळं विकत घ्यायचं कारण उरलं नाही. आल्बममध्ये नैनितालचे पुष्कळ फोटो आहेत. सगळ्यांत रेलिंगला टेकून उभी असलेली घरची मंडळी आहेत, आजोबांची बोटंही एक-दोन ठिकाणी आली आहेत, आणि तळं कुठे दिसलंच तर कोणाच्या तरी खांद्यामागे.